एक मिनिट सगळे गप्प

डॉक्टर फोनवर बघणार होत्या, म्हणून हेमलताबाईंनी नातीला आधी पावडर लावली.

मग भांग पाडला, काजळाची तीट लावली, दिवाळीचा फ्रॉक घातला, त्यावर स्वतः विणलेला लोकरीचा स्वेटर आणि त्यावर कानटोपी. अश्लेषा चार वर्षांची. रात्रभर खोकून बेजार झालेली, पहाटेपासून छातीतून शिट्टी वाजत होती, आणि आता ती सोफ्यावर बारशाला निघाल्यासारखी नटून बसली होती. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. गाझियाबादच्या त्या चौदा मजली सोसायटीत समोरचा टॉवर अजून जागेवर आहे, हे धुरक्यामुळे केवळ विश्वासावर धरून चालावं लागत होतं.

मुलगा चिन्मय ऑफिसच्या कामासाठी हैदराबादला गेला होता आणि गाडी एअरपोर्टवर लावून गेला होता. अश्लेषाचे नेहमीचे डॉक्टर भाचीच्या लग्नाला बरेलीत. म्हणून सून रुचितानं मोबाइलवर डॉक्टर दाखवणारं ॲप उघडलं आणि पहिल्याच नावावर बोट ठेवणार, तेवढ्यात सासऱ्यांनी, म्हणजे अण्णासाहेबांनी, फोन हातात घेतला.

अण्णासाहेब केंद्र सरकारात अवर सचिव म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. बारा डॉक्टरांची यादी त्यांनी निवड समितीवर बसल्यासारखी तपासली. अनुभव, पदवी, फोटोतला चेहरा. शेवटी ‘भाषा’ या रकान्यात एका ठिकाणी ‘मराठी’ दिसलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. डॉ. मृणाल सहस्रबुद्धे, बालरोग, शिक्षण पुणे.

‘‘ह्या. आपल्या पुण्याच्या,’’ ते म्हणाले. ‘‘पोरीला आपल्या भाषेत विचारलं की ती नीट सांगेल.’’

‘‘बाबा, ती मराठीत फक्त ‘नको’ म्हणते,’’ रुचिता म्हणाली. ‘‘आणि बाकीचे चार डॉक्टर आत्ता लगेच फ्री आहेत. यांच्याकडे दहा मिनिटं थांबावं लागेल.’’

‘‘थांबू की.’’

थांबले. त्या दहा मिनिटांत अण्णासाहेबांनी एक फाइल तयार केली. तिच्यावर ‘अश्लेषा : खोकला (चालू)’ असं लिहिलं, आत रात्रीपासूनचं तापमान वेळेसकट मांडलं आणि कागद दोरीनं बांधले. कागद नीट असला की जगात काही बिघडत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. दर जानेवारीत ते दिल्लीतल्या मराठी मंडळींची बस भरून पानिपतला काला अंब या लढाईच्या जागी न्यायचे आणि तिथे स्मारकासमोर उभं राहून, मराठे हरले ते वेळेवर टिपणी न झाल्यामुळे, असं तासभर सांगायचे. लोक ऐकून घेत, कारण जेवणाचे डबे बसमध्ये असत आणि बसची किल्ली अण्णासाहेबांकडे.

अश्लेषा पुन्हा खोकली. खोकल्याची उबळ संपली तरी तिचा श्वास जागेवर येईना. रुचितानं तिची पाठ चोळली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, ‘‘सी टॉवरमधली ती भाटिया डॉक्टर असती ना...’’

वाक्य तिनं पुरं केलं नाही. घरात तो विषय निघत नसे.

विषय असा होता. दोन वर्षांपूर्वी सी टॉवरमधल्या सातशे तीन नंबरच्या फ्लॅटमध्ये कुणी भाटिया नावाच्या बाई लहान मुलांना तपासू लागल्या. सी टॉवरच्या तळमजल्यावर ज्येष्ठ नागरिकांची कॅरमची खोली आहे. एका संध्याकाळी अण्णासाहेब नव्या कोल्हापुरी चपला घालून कॅरमला निघाले, जरा वर जाऊन एका मित्राला बोलवावं म्हणून लिफ्टमध्ये शिरले, आणि आईच्या कडेवरच्या एका अनोळखी मुलानं त्यांच्या उजव्या चपलेवर भडाभडा उलटी केली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या समितीकडे चार पानांचं पत्र गेलं. चपलेचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता. रहिवासी इमारतीत व्यवसाय, बाहेरच्यांची वर्दळ, संसर्गाचा धोका, लिफ्टवरचा ताण, सगळं कलमवार होतं. समितीवरच्या मंडळींनी आयुष्यात असा मसुदा पाहिला नव्हता. पंधरा दिवसांत सातशे तीनमधला दवाखाना बंद झाला आणि खाली फलकावर नोटीस लागली. नोटीसही अण्णासाहेबांनीच लिहून दिली. ‘कोणत्याही सदनिकेत, जिन्यात, लिफ्टमध्ये, वाहनतळात, बागेत अथवा सोसायटीच्या आवारात अन्यत्र कोठेही’ रुग्ण तपासण्यास मनाई. पळवाट शोधून त्यातून उंदीरसुद्धा निसटला नसता. पावसानं खराब होऊ नये म्हणून त्यांनी ती लॅमिनेट करून घेतली. भाटियाबाईंचं तोंडही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्या रात्री जेवताना त्यांनी हे सगळं खुशीत सांगितलं होतं. रुचिता म्हणाली होती, ‘‘खाली उतरून पोरीला दाखवता आलं असतं.’’ अण्णासाहेब म्हणाले होते, ‘‘नियम म्हणजे नियम.’’

फोन वाजला. पडद्यावर चाळिशीच्या, केस वर बांधलेल्या, चष्म्याच्या बाई दिसल्या.

‘‘नमस्कार. मी डॉक्टर मृणाल. पेशंट कुठंय?’’

‘‘नमस्कार डॉक्टर!’’ अण्णासाहेब पुढे सरसावले. ‘‘आपण पुण्यात नेमक्या कुठल्या?’’

‘‘आधी पेशंट बघू या का?’’

रुचितानं फोन अश्लेषासमोर धरला. डॉक्टरांनी वय, वजन, ताप विचारला. उत्तरं तिघांनी एकदम दिली. वजन हेमलताबाईंच्या मते चौदा किलो, रुचिताच्या मते पंधरा, आणि अण्णासाहेबांच्या फाइलीत सोळा, कारण ते गव्हाच्या चक्कीवर बुटांसकट झालं होतं. ताप निदान नव्याण्णववर सगळ्यांचा एकमतानं थांबला.

‘‘बाळ, धाप लागते का गं तुला?’’ डॉक्टरांनी विचारलं.

अश्लेषानं आजीकडे बघितलं. धाप म्हणजे काय हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

‘‘साँस लेने में तकलीफ़ होती है, बेटा?’’

अश्लेषानं मान हलवली. ‘‘होती... है,’’ ती म्हणाली, आणि त्या दोन शब्दांच्या मध्ये तिला श्वास घ्यावा लागला. डॉक्टरांचा चेहरा जरा बदलला. अण्णासाहेबांना ते दिसलं.

‘‘हिचे वरचे कपडे काढा. सगळे. छाती उघडी दिसली पाहिजे.’’

‘‘अहो, हवा लागेल!’’ हेमलताबाई म्हणाल्या.

‘‘आजी, लागू दे हवा, तीच तर तिला मिळत नाहीये. मी फोनमधून हात घालून तपासू शकत नाही. मला फक्त डोळे आहेत, तेसुद्धा तुम्ही धराल तिकडेच बघणारे. पावडर पुसा, ओठांचा रंग कळत नाहीये. खिडकीशी बसवा, उजेड तोंडावर येऊ दे. फोन आडवा धरा आणि हलवू नका.’’

स्वेटर निघाला, कानटोपी निघाली, दिवाळीचा फ्रॉक निघाला. आणि इतका वेळ लोकरीखाली झाकलेलं सगळं दिसू लागलं. पोरगी श्वास घेई तेव्हा बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता. हेमलताबाई ‘अगं बाई’ म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून बसल्या. मघापासून त्या हा खळगा झाकण्यात गुंतल्या होत्या, हे त्यांच्याच लक्षात आलं असावं.

‘‘आता मी एक मिनिट तिचे श्वास मोजणार आहे,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘आवाजसुद्धा ऐकायचा आहे. एक मिनिट सगळे गप्प.’’

त्या घरात असा प्रसंग पूर्वी आला नव्हता.

बारा सेकंद झाले. ‘‘खोकला सुका आहे हं,’’ हेमलताबाई म्हणाल्या.

‘‘पुन्हा सुरू करते. प्लीज.’’

वीस सेकंद झाले. ‘‘डॉक्टर, हे मिनिट आपण घड्याळावर धरताय की अंदाजे?’’ अण्णासाहेबांनी विचारलं.

‘‘बाबा!’’ रुचिता ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सून त्यांच्यावर सात वर्षांत पहिल्यांदा ओरडली होती. अण्णासाहेबांनी ओठ मिटले आणि फाइल मांडीवर घट्ट धरली.

तिसऱ्यांदा मोजणी सुरू झाली. खोलीत फक्त शिट्टी आणि तो भराभर वरखाली होणारा लहानसा श्वास. अण्णासाहेबही नकळत मोजू लागले. पंचवीसपर्यंत गेले तेव्हा अर्धं मिनिटसुद्धा झालं नव्हतं. एवढ्यात बाहेर सोसायटीचा भोंगा खरखरला. ‘‘सभी रेज़िडेंट्स ध्यान दें. टॉवर ए, बी और सी में ग्यारह बजे से पानी की सप्लाई बंद रहेगी.’’

आणि लगेच फोनमधून, किंचित मागून, तोच आवाज आला. ‘‘...बी और सी में ग्यारह बजे से पानी की सप्लाई बंद रहेगी.’’

कुणी काही बोललं नाही, कारण मिनिट चालू होतं. डॉक्टरांची नजर पोरीवरून हलली नाही.

‘‘बावन्न,’’ त्या म्हणाल्या. ‘‘या वयाला फार आहेत. बरगड्याही ओढल्या जातायत. हे फोनवर निभावण्यासारखं नाही. हिला आत्ता नेब्युलायझर लागेल आणि कुणीतरी छातीला स्टेथोस्कोप लावायला हवा.’’ मग क्षणभर थांबून म्हणाल्या, ‘‘तुमचा टॉवर कुठला?’’

‘‘ए,’’ रुचिता म्हणाली. ‘‘ए-चारशे दोन. आणि तुम्ही?’’

‘‘सी-सातशे तीन.’’

मघाशी एक मिनिट गप्प बसायला या घराला तीन वेळा सांगावं लागलं होतं. आता कुणी न सांगता सगळे गप्प झाले. हेमलताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. रुचितानं बघितलं नाही, आणि ते जास्त लागलं.

‘‘पण दारावर भाटिया...’’ अण्णासाहेबांच्या तोंडून गेलं.

‘‘ते सासरचं. डॉक्टरकीची नोंदणी माहेरच्या नावानं आहे. तुम्हाला कसं माहीत?’’

‘‘ऐकून होतो,’’ अण्णासाहेब म्हणाले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतकं मोघम उत्तर कधी दिलं नव्हतं.

‘‘मग नोटिशीचंही ऐकलं असेल. मी तुम्हाला इकडे बोलवू शकत नाही. पुन्हा दंगा झाला तर फ्लॅट सोडावा लागेल असं समितीनं सांगितलंय. पण मशीन माझ्याकडे आहे आणि मी ते घेऊन तुमच्याकडे येते. टॅक्सी आत्ताच बोलवून ठेवा. वीस मिनिटांत फरक पडला नाही तर सरळ हॉस्पिटल. तोवर तिला बसवून ठेवा, आडवी करू नका.’’ आणि फोन बंद झाला.

अण्णासाहेब चपला अडकवून धावले. सत्तरीच्या माणसानं लिफ्टची वाट न बघता चार मजले उतरावेत हे वाईटच, पण नजरेसमोरून तो बरगड्यांखालचा खळगा हलत नव्हता. आपण पत्र लिहिलं नसतं तर पहाटेच पोरीला उचलून पलीकडे नेलं असतं. पाच तास. एका चपलेपायी.

सी टॉवरच्या दाराशी ते पोचले तेव्हा डॉक्टर मृणाल हातात मशीन आणि गळ्यात स्टेथोस्कोप घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर रामवीर उभा होता. रामवीर सोसायटीचा सर्वांत जुना पहारेकरी. मिशा भरघोस, बुद्धी सरळ.

‘‘मैडम, मशीन लेके नहीं जा सकतीं. पेशेंट देखना मना है. नोटिस लगा है.’’

‘‘जाने दो!’’ अण्णासाहेब धापा टाकत ओरडले. ‘‘रामवीर, मैं बोल रहा हूँ, जाने दो!’’

रामवीरनं त्यांना कडक सलाम ठोकला. ‘‘साहब, आप ही ने समझाया था. कोई भी बोले, सेक्रेटरी बोले, मैं खुद आके बोलूँ, तब भी नहीं.’’

हे शब्दशः खरं होतं. नोटीस लागली त्या दिवशी अण्णासाहेबांनी पहारेकऱ्यांना रांगेत उभं करून हेच सांगितलं होतं, आणि रामवीरकडून ते दोनदा म्हणवून घेतलं होतं.

डॉक्टर वळून अण्णासाहेबांकडे बघू लागल्या. अण्णासाहेबांनी फलकाकडे बघितलं. लॅमिनेट केलेली नोटीस दोन वर्षांनंतरही लखलखीत होती. सदनिका, जिना, लिफ्ट, वाहनतळ, बाग, अन्यत्र कोठेही. एक फट सापडावी म्हणून त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. स्वतःच्या हुशारीचा इतका राग त्यांना आयुष्यात आला नव्हता.

‘‘मेरी पोती है, रामवीर,’’ ते म्हणाले. ‘‘साँस नहीं ले पा रही. वो चिट्ठी मैंने गलत लिखी थी. बिल्कुल गलत.’’

रामवीर विचारात पडला. साहेब चुकू शकतात ही गोष्ट त्याला नवी होती. ‘‘तो साहब, ये आप रजिस्टर में लिख दीजिए.’’

अण्णासाहेबांनी पेन घेतलं. टेबलावर वाकले. सवयीनं तारीख घातली, वेळ घातली, ‘विषय’ लिहून खाली रेघ मारली.

‘‘तुम्ही लिहा सावकाश,’’ डॉक्टर मराठीत म्हणाल्या. ‘‘मी जाते.’’ आणि त्या रामवीरच्या बाजूनं निघून गेल्यासुद्धा. रामवीर अडवायला वळला, तर अण्णासाहेबांनी त्याचा दंड धरला आणि रजिस्टरमधली नोंद संपेपर्यंत सोडला नाही.

ते घरी पोचले तेव्हा अश्लेषाच्या तोंडावर मास्क होता. त्यातून पांढरी वाफ निघत होती आणि डॉक्टर तिला हळूहळू सांगत होत्या की आपण ड्रॅगन आहोत. दहा मिनिटांनी शिट्टी जरा खाली आली. मशीन थांबवून डॉक्टरांनी पुन्हा घड्याळ काढलं.

‘‘एक मिनिट,’’ त्या म्हणाल्या.

हेमलताबाईंनी पदर दातात धरला. रुचितानं डोळे मिटले. अण्णासाहेब दारातच उभे राहिले, घामाघूम, आणि मनातल्या मनात कुणाकडे तरी अर्ज करत राहिले. त्या अर्जाला ना विषय होता ना संदर्भ.

‘‘अडतीस. उतरतायत. बरगड्याही सैल पडल्यात. टॅक्सी सोडली तरी चालेल, पण मी अर्धा तास बसते इथंच.’’

रुचिता रडायला लागली. अण्णासाहेबांनाही रडू आलं, ते त्यांनी खोकून घालवलं.

‘‘डॉक्टर,’’ ते म्हणाले, ‘‘ते समितीचं पत्र. ते मी...’’

‘‘कळलं मघाशी. पहारेकऱ्यानं तुमचंच पाठांतर म्हणून दाखवलं ना.’’ त्यांनी स्टेथोस्कोप गुंडाळला. ‘‘मला दोन वर्षं फक्त एवढंच कळत नव्हतं, की कुणाचं मी काय घोडं मारलं होतं.’’

‘‘माझ्या चपलेवर एका मुलानं उलटी केली होती.’’

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. ‘‘चपलेवर,’’ त्या म्हणाल्या.

‘‘नवी होती.’’ हे बोलल्याबरोबर त्यांना ते किती हलकट वाटतं ते ऐकू आलं. ‘‘मला क्षमा करा.’’

‘‘ते नंतर बघू,’’ डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी लगेच माफ केलं नाही, आणि अण्णासाहेबांना ते रास्त वाटलं. ‘‘उद्या सकाळी हिची छाती परत तपासायची आहे. फोनवर ताप बघेन, खाणंपिणं विचारेन, श्वासाचा पंप कसा द्यायचा तेही दाखवेन. पण छाती ऐकायला पोरगी हवी. कुठं आणणार?’’

दुपारभर अण्णासाहेबांनी पत्र मागे घेण्याचं पत्र लिहिलं. पहिला खर्डा पाच पानांचा झाला. हेमलताबाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, ‘‘यात ‘मी चुकलो’ कुठंय?’’ शेवटी दोन ओळींचं पत्र गेलं. समितीची बैठक पुढच्या महिन्यात होती, कारण बैठका महिन्यातून एकदाच घ्याव्यात हेही अण्णासाहेबांनीच ठरवून दिलं होतं.

पण छाती पुढच्या महिन्यापर्यंत थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अश्लेषाला कडेवर घेतलं आणि सी टॉवर गाठला. रामवीरनं सलाम केला आणि रजिस्टर पुढे सरकवलं. ‘कशासाठी’ या रकान्यात अण्णासाहेबांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं : दवाखाना.

लिफ्टमध्ये कॅरमवाले खुराना उभे होते, हातात वर्तमानपत्र. तिसऱ्या मजल्यावर अश्लेषाला उबळ आली. चौथ्यावर ती वाकली. पाचव्यावर सकाळचं दूध, बिस्किट आणि कफ असं सगळं अण्णासाहेबांच्या उजव्या चपलेवर आलं.

खुराना भिंतीला चिकटले. ‘‘भाई साहब, ये क्या तमाशा है! इसकी तो शिकायत होनी चाहिए!’’

‘‘बिल्कुल होनी चाहिए,’’ अण्णासाहेब म्हणाले. ‘‘आप लिखिए. फ़्लैट नंबर ए-चार सौ दो.’’

मग त्यांनी खुरानांच्या हातातलं वर्तमानपत्र मागून घेतलं, पोरीला खांद्यावर टेकवलं, गुडघ्यावर बसले आणि लिफ्ट पुसली. अश्लेषाच्या पाठीवर हात ठेवून तिचा श्वास मोजला. सातव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा त्यांनी चपला बाहेरच काढून ठेवल्या आणि अनवाणी जाऊन भाटियांची बेल वाजवली.